मागच्या चाकांना हात लावला, कारण दोष तिथेच होता

नमस्कार साहेब,

तुमचा रिव्ह्यू वाचला. एक स्टार का दिलात ते तुम्ही स्पष्ट लिहिलं आहे. स्टिअरिंग उजवीकडे कलतं म्हणून गाडी आणली, तर आम्ही मागची चाकं खोलत बसलो. 'मागच्या चाकांना स्टिअरिंगच नसतं, त्यांचं कसलं अलाइनमेंट?' बाहेर ५०० रुपयांत होणाऱ्या कामाचे आम्ही १,८०० घेतले, त्यात तीन तास घालवले, आणि एवढं करून मागून येणारा आवाज आहे तसाच आहे. हाच प्रश्न आमच्याकडे येणारे बरेच जण विचारतात, म्हणून सगळ्यांना वाचता येईल असं इथेच सविस्तर उत्तर देतो.

आधी मागच्या चाकांचं. वळताना गाडीला दिशा पुढची चाकं देतात, हे बरोबर. पण सरळ रस्त्यावर गाडी कोणत्या रेषेत धावणार, हे मागची चाकं ठरवतात. मागची दोन चाकं मिळून ज्या दिशेला तोंड करून असतात, तिकडे ती गाडीला ढकलत राहतात. त्या दिशेत आणि गाडीच्या मधल्या रेषेत जो फरक पडतो, त्याला थ्रस्ट अँगल म्हणतात. तो शून्याजवळ असेल तर स्टिअरिंग सरळ आणि गाडीही सरळ. तो सरकला, की गाडी खेकड्यासारखी तिरकी चालायला लागते, आणि तिला रस्त्यावर सरळ ठेवायला ड्रायव्हरला स्टिअरिंग कायम थोडं वळवून धरावं लागतं.

तुमच्या गाडीत नेमकं हेच होतं. गाडी रॅम्पवर घेतल्यावर मशीनने जे दाखवलं, ते तुमच्याकडच्या प्रिंटवर 'आधी'च्या रकान्यात आहे. मागचं डावं चाक ०.७० अंश टो-इन, म्हणजे चाकाची पुढची कड आत वळलेली. उजवं फक्त ०.१०. दोन्हींतला फरक ०.६०, त्याचा निम्मा थ्रस्ट अँगल, म्हणजे ०.३० अंश उजवीकडे. आकडा बारीक वाटतो, पण पुढच्या चाकांना तेवढंच उजवीकडे धरायचं तर स्टिअरिंग त्याच्या साधारण पंधरापट फिरवावं लागतं. म्हणजे साडेचार अंश. तुम्हाला दिसत होता तो कल हाच.

महिन्यापूर्वी तुम्ही दुसरीकडे अलाइनमेंट करून घेतलं होतं आणि त्यांच्या प्रिंटवर सगळं हिरवं होतं, हेही खरं. तो प्रिंट तुम्ही दाखवलात, मी बघितला. त्यावर फक्त पुढच्या चाकांचे आकडे होते. ते काम गाडीच्या मधल्या रेषेला धरून केलं, तर रॅम्पवर स्टिअरिंग अगदी सरळ दिसतं. गाडी रस्त्यावर उतरली की मागची चाकं आपल्या दिशेने ढकलायला लागतात आणि स्टिअरिंग पुन्हा कलतं. पुढचा टो (चाकाचं आत-बाहेर वळणं) मग कितीही वेळा सेट केला तरी फरक पडत नाही. म्हणून क्रम एकच: आधी मागचा कॅम्बर (चाकाचा उभा कल) आणि टो, नंतर पुढचा कास्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा पुढे-मागे कल) आणि कॅम्बर, आणि शेवटी स्टिअरिंग सरळ लॉक करून पुढचा टो. आम्ही तसंच केलं. तुम्ही ऑफिसमध्ये बसला होतात तेव्हा मागचं काम चालू होतं, पुढचं काम सगळ्यात शेवटी झालं.

वेळ कशात गेला, तेही सांगतो. दोन पावसाळ्यांपूर्वी मागचे बुश (सांध्यातले रबराचे भाग) बदलल्याचं तुम्हीच सांगितलंत. तुमच्या गाडीला मागे मल्टि-लिंक सस्पेन्शन आहे, म्हणजे प्रत्येक चाक वेगवेगळ्या आर्मनी (दांड्यांनी) जोडलेलं; त्यात टो सेट करायला खालच्या आर्मवर कॅम बोल्ट असतो. त्याच्या डोक्यामागे मध्यापासून सरकलेली चकती असते आणि शेजारी रेघा असतात. बुश बदलताना आर्म खोलावा लागतो, आणि बोल्ट परत जुन्या रेघेवर बसवला नाही तर टो बिघडतो. डाव्या बाजूला तसंच झालेलं होतं. त्यानंतर कोकणातल्या दोन पावसाळ्यांचं पाणी आणि चिखल त्याने खाल्ला. नट सुटला, पण बोल्ट बुशच्या आतल्या नळीत गंजून धरला होता, फिरेचना. कटर लावून कापायला दहा मिनिटं पुरली असती. मग नवा बोल्ट, नवा बुश आणि त्याचं वेगळं बिल आलं असतं. आमच्या पोराने तो तेल सोडून, थोडा पुढे थोडा मागे करत, न कापता सोडवला. शेवटचं कसणंही लिफ्टवर चाकं लटकलेली असताना केलं नाही, गाडीचं वजन चाकांवर असताना केलं. लटकत्या आर्मवर कसलेला बुश पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो. त्या पोराचं मला कौतुक आहे आणि तीन तास लागले याचं मला काही वाटत नाही.

आता आवाज. गाडी आमच्याकडे देतानाच तुम्ही म्हणालात की मागून घुमल्यासारखा आवाज येतो आणि कोणीतरी बेअरिंग बदलायला सांगितलं आहे. लिफ्टवर चाक फिरवून, हलवून बघितलं; बेअरिंगला प्ले (सैलपणा) नाही, खरखर नाही. मग टायरवर आडवा हात फिरवायला तुम्हाला बोलावलं होतं. एका बाजूने हात फिरवला तर रबर गुळगुळीत लागतं, उलट फिरवला तर प्रत्येक ठोकळ्याची कड बोटांना टोचते. आवाज त्या कडांचा आहे. मागच्या दोन चाकांत मिळून ०.८० अंश टो-इन होता, म्हणजे सरळ जातानाही प्रत्येक चाक आपल्या वाटेपासून ०.४० अंश वळलेलं. हिशोब केला तर दर किलोमीटरला टायर सुमारे सात मीटर आडवा ओढला जातो. चिपळूण ते मुंबई साधारण अडीचशे किलोमीटर धरा. एका खेपेत पावणेदोन किलोमीटर आडवं घासणं झालं. अलाइनमेंटने हे घासणं थांबतं, झिजलेलं रबर परत येत नाही. मागचे टायर पुढे घेतले की त्या कडा हळूहळू सपाट होतात आणि आवाज कमी होत जातो. हे काम करू का, असं त्या दिवशी विचारलं होतं. घाई आहे म्हणून तुम्ही नको म्हणालात. पण बेअरिंग बदलू नका. ते चांगलं आहे.

सवाल फक्त टायरचा असता तर मी एवढं लिहिलं नसतं. थ्रस्ट अँगल बिघडलेली गाडी डाव्या वळणाला एक वागते आणि उजव्या वळणाला दुसरं. ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबला की मागची बाजू एकीकडे सरकायला बघते. तुम्ही घरच्यांना घेऊन कुंभार्ली घाटाने कराडला जाता असं बोलता बोलता म्हणालात. जुलैच्या पावसात त्या घाटात अशी गाडी जाऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

पैशांचं. फक्त पुढच्या अलाइनमेंटचा आमचा दर बाहेरच्याइतकाच आहे. १,८०० मध्ये चारही चाकांचं माप, मागचं सेटिंग, कॅम बोल्ट सोडवण्याची मजुरी आणि शेवटी स्कॅनर लावून स्टिअरिंग अँगल सेन्सर शून्यावर आणणं, एवढं आलं. स्टिअरिंगची 'सरळ' जागा बदलली की ते ईएसपीला (गाडी घसरू न देणाऱ्या यंत्रणेला) कळवावं लागतं. आकडा काम सुरू करण्याआधी तुम्हाला सांगून, होकार घेऊनच पुढे गेलो.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी एक गोष्ट. स्विफ्ट, बलेनो, आय-ट्वेंटी यांना मागे टॉर्शन बीम (दोन्ही चाकं जोडणारा एकच आडवा भाग) असतो, त्यात टो फिरवायला बोल्टच नसतो. अशा गाड्यांचं मागचं 'सेटिंग' केलं म्हणून कोणी पैसे मागितले, तर नेमकं काय फिरवलं ते दाखवायला सांगा. माप मात्र त्यांचंही घ्यायचं, कारण मागची दिशा कळल्याशिवाय पुढचा टो तिच्याशी जुळवता येत नाही. खड्ड्यात आपटून बीम वाकला असेल तर तेही मापातच कळतं. थोडा फरक शिम (पातळ चकती) घालून काढता येतो, जास्त असेल तर बीम बदलायचा. तापवून, जॅक लावून सरळ करायचा नाही. मागे पाटे असलेल्या बोलेरोमध्ये पाट्याचा सेंटर बोल्ट तुटला की अख्खा अॅक्सल एका बाजूने मागे सरकतो. तिथेही लोक आधी पुढचंच अलाइनमेंट करून बघतात.

साहेब, प्रिंटवर 'नंतर'चा रकाना बघा: मागे दोन्ही बाजूंना ०.१०, थ्रस्ट अँगल शून्य. स्टिअरिंग आता सरळ आहे की नाही, याबद्दल तुम्ही रिव्ह्यूमध्ये काहीच लिहिलेलं नाही. ते जरूर लिहा, कसंही असलं तरी. टायर पुढे-मागे करायला सवडीने या. त्या वेळी गाडी पुन्हा रॅम्पवर घेऊन चारही चाकांचे आकडे तुमच्यासमोर काढू. मोजणीचे पैसे घेणार नाही. सकाळी लवकर आलात तर रॅम्प मोकळा असतो.

— मालक, व्हील अलाइनमेंट सेंटर, चिपळूण