मौनाला पर्याय टाळ्यांचा नव्हे

'प्रेक्षक शांत राहतीलच याची खात्री नसल्याने फुटबॉल सामन्यांपूर्वीचे मौन बंद करून टाळ्यांनीच श्रद्धांजली वाहावी' हे लेखातील विधान मला पटले नाही. नेमकी हीच भीती १० फेब्रुवारी २००८ रोजी मँचेस्टर युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर होती. युनायटेडच्या खेळाडूंचा बळी घेणाऱ्या म्युनिक विमान अपघाताला ५० वर्षे झाली होती, समोर कट्टर प्रतिस्पर्धी मँचेस्टर सिटीचे पाठीराखे होते आणि ते गोंधळ घालतील म्हणून टाळ्यांचा पर्याय सुचवला गेला होता. प्रत्यक्षात पंचांच्या शिट्टीनंतर त्या मिनिटभरात कोणी चकार शब्द काढला नाही, पाहुण्या प्रेक्षकांनी निळे-पांढरे स्कार्फ डोक्यावर धरले होते, आणि दूरचित्रवाणीवर पाहणारा मीही नकळत उठून उभा राहिलो. (त्या अपघातातील २३ मृतांमध्ये सिटीचे माजी गोलरक्षक फ्रँक स्विफ्टही होते, हे अनेकांना ठाऊक नसते.)

टाळ्यांना माझा विरोध नाही. २००५ मध्ये युनायटेडचे दिवंगत फुटबॉलपटू जॉर्ज बेस्ट यांना मिळालेल्या टाळ्या त्यांच्या खेळाला शोभणाऱ्याच होत्या. मात्र अपघातात अकाली गेलेल्यांसाठी टाळ्या वाजवताना माझे तरी हात अडखळतात. खरी अडचण मौनात नसून दर दुसऱ्या आठवड्याला कोणत्या ना कोणत्या निमित्ताने ते पाळायला लावण्यात आहे.