‘एकदा जाऊन पाहा, पटले नाही तर सोडा’ : दारूमुक्तीच्या मीटिंगबद्दलच्या एका संदेशाचा प्रतिवाद

गटारी अमावास्या जवळ आली की ठाण्यातल्या आणि नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश फिरू लागतो. त्याचा आशय असा : दारू सोडणाऱ्यांच्या मीटिंगला एकदा जाऊन पाहावे, मन लागले नाही तर तो मार्ग आपला नाही असे समजावे, तिथे देवाधर्माचे बोलतात, पैसे मागतात आणि शंभरातले पाचच सुधारतात, ज्याला खरोखर सोडायची आहे त्याने श्रावणाच्या पहिल्या दिवशी बाटली फेकावी, त्याला गट लागत नाही. संदेश लिहिणाऱ्याचा हेतू वाईट असेल असे मला वाटत नाही. मात्र मी स्वतः अल्कोहोलिक्स अनॉनिमसचा, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्यासाठी चालवलेल्या एए या संघटनेचा, सदस्य आहे (नाव देत नाही, कारण प्रसारमाध्यमांत अनामिक राहणे ही आमची परंपराच आहे) आणि या संदेशाने किती नवी माणसे दारातूनच परतत असतील याची मला चिंता वाटते.

सर्वांत मोठी चूक ‘एकदा’ या शब्दात आहे. एएच्या बारा परंपरांपैकी, म्हणजे गट कसे चालावेत हे सांगणाऱ्या तत्त्वांपैकी, चौथीनुसार प्रत्येक गट आपला कारभार स्वतः पाहतो, त्यामुळे एकाच शहरातल्या दोन मीटिंगांचे वातावरण अगदी निराळे असू शकते. एके ठिकाणी एकच जण आपली सगळी हकीगत सांगतो, दुसरीकडे एखादा उतारा वाचून त्यावर सगळे बोलतात, तर कुठे दारूपासून दूर राहण्यासाठी एएने सांगितलेल्या बारा पायऱ्यांपैकी एकच पायरी घेऊन तासभर चर्चा चालते. मी पहिल्यांदा गेलो ती मीटिंग इंग्रजीत होती. समजले सगळे, पण माझी पाळी आली तेव्हा आईच्या औषधाचे पैसे मी कुठे घालवले हे त्या भाषेत सांगता येईना, आणि मी ‘नंतर बोलतो’ म्हणून गप्प बसलो. मराठीत बोलणारा गट सापडायला मला आणखी दोन ठिकाणी जावे लागले. त्या संदेशाचे ऐकले असते तर मी पहिल्याच संध्याकाळी थांबलो असतो.

अंतराचा आणि वेळेचा विचारही आधीच करावा. ओळखीचे कुणी भेटेल या धास्तीने नौपाड्यातला माणूस ट्रान्स-हार्बर लोकलने थेट वाशी-नेरूळकडची मीटिंग शोधतो. सुरुवातीला हे ठीक आहे. पण पावसाळ्यात गाड्या रखडल्या की तेच अंतर न जाण्याचे निमित्त होते, म्हणून एक मीटिंग दूरची आणि एक चालत जाण्याजोगी धरून ठेवावी. ठाणे-बेलापूर पट्ट्यात पाळीने काम करणाऱ्याने पाळी बदलल्यावर कोणती मीटिंग गाठता येईल हे आधी विचारून ठेवावे. ज्या वेळी पाय बारकडे वळत, त्याच वेळेची मीटिंग मिळाली तर उत्तम. गट पारखायला निदान पाच-सहा खेपा द्याव्यात आणि तिथे नव्या माणसाला बोलू देतात का, मीटिंग संपल्यावर कुणी आपणहून फोन नंबर देते का, हे पाहावे. डॉक्टरांनी दिलेली औषधे बंद कर असे कुणी सांगू लागला तर त्याचे ऐकू नये. सदस्याला तो अधिकारच नाही.

देवाधर्माच्या आक्षेपात थोडे तथ्य आहे, हे मान्य केले पाहिजे. पायऱ्यांत ईश्वराचा उल्लेख येतो, पण ‘आपल्याला उमजेल तसा’ या शब्दांसह येतो, आणि सदस्यत्वाची अट एकच आहे : दारू सोडण्याची इच्छा. मीटिंग चर्चच्या खोलीत भरली म्हणून ती चर्चची होत नाही. तरीही ज्याला हे शब्द खुपतात त्याच्यासाठी १९९४ साली सुरू झालेल्या स्मार्ट रिकव्हरीच्या ऑनलाइन मीटिंगा आहेत, ज्या विचार आणि वर्तन बदलण्याच्या तंत्रांवर चालतात.

पैशांचे म्हणावे तर शुल्क नसते. ऐच्छिक वर्गणी सदस्य देतात आणि बाहेरची देणगी घेतली जात नाही.

‘शंभरातले पाच’ हा आकडा कुठून आला, ते संदेश सांगत नाही. याउलट २०२० साली प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन आढाव्यात (कॉक्रेन ही वैद्यकीय संशोधनांचा एकत्रित आढावा घेणारी संस्था) २७ अभ्यास आणि १०,५६५ माणसे विचारात घेतली होती. एएशी पद्धतशीरपणे जोडून देणाऱ्या उपचारांनंतर वर्षभराने सुमारे ४२ टक्के लोक दारूपासून पूर्ण दूर होते. इतर मानसोपचार घेतलेल्यांत हे प्रमाण सुमारे ३५ टक्के होते. हे आकडे ठाण्याचे नव्हेत, आणि त्यात उपचारकाने हात धरून मीटिंगपर्यंत पोचवलेली माणसे आहेत, आपल्या मनाने एकदाच डोकावून गेलेली नाहीत.

श्रावणाच्या पहिल्या दिवशी बाटली फेकण्याचा सल्ला मात्र नुसता चुकीचा नाही, तो जिवावर बेतू शकतो. अनेक वर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी थांबवल्यास पहिल्या ४८ तासांत फिट येऊ शकते, आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसादरम्यान भ्रम, ताप, नसलेली माणसे दिसणे अशी अवस्था उद्भवू शकते. सकाळी हात थरथरत असतील किंवा पूर्वी फिट आली असेल, तर आधी डॉक्टर आणि मग मीटिंग, हाच क्रम असावा. हे काम गट करू शकत नाही आणि करतही नाही. कुठे जावे हे कळत नसेल तर व्यसनमुक्तीसाठीच्या १४४४६ या सरकारी मदतवाहिनीवर विचारता येते.

घरच्यांचा त्या संदेशात उल्लेखच नाही. बंद मीटिंगला फक्त दारू सोडू इच्छिणाऱ्यांनाच बसता येते, खुल्या मीटिंगला पत्नी, भाऊ, मित्र कुणीही येऊ शकतो, म्हणून पहिल्या खेपेला सोबत हवी असल्यास मीटिंग खुली आहे का, एवढे फोनवर विचारून घ्यावे. कुटुंबीयांसाठी १९५१ पासून अल-अनॉन ही वेगळी संघटना आहे, आणि घरचा माणूस अजून पीत असला तरी तिथे जाता येते.