प्रदूषण नियंत्रण मंडळाचं अध्यक्ष व्हायचंय? मग एवढं वाचून ठेवा

आधी अभिनंदन. महामंडळांचं वाटप सुरू आहे, मंत्रिपद थोडक्यात हुकलंय, सिडको आणि म्हाडा दुसऱ्यांनी पळवलं आणि साहेब तुम्हाला म्हणालेत की "प्रदूषण मंडळ बघ, बरं आहे ते". चेहरा पाडू नका. नाव कानाला जरा काळंकुट्ट लागतं खरं, पण हे पद म्हणजे कसं, अधिकार सगळे आणि जबाबदारी शोधून सापडणार नाही. कसं ते सांगतो, नीट बसा.

पहिल्या भाषणात इतिहास लागेल, तो असा. आपलं मंडळ 7 सप्टेंबर 1970 चं. दिल्लीत पाण्याचं प्रदूषण रोखायचा कायदा, म्हणजे आपला पाणी कायदा, झाला 1974 ला, म्हणजे केंद्राला सुचायच्या आधी महाराष्ट्राने स्वतःचा 1969 चा कायदा करून मंडळ काढलं होतं. "महाराष्ट्र देशाला दिशा दाखवतो" हे वाक्य इथे खुशाल टाका, टाळ्या येतात. पुढचं नका सांगू. पुढचं म्हणजे केंद्रीय मंडळाची प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी, 2018 मध्ये देशात 351 पट्टे आणि आपले 53, 2022 मध्ये देशात 311 वर आले आणि आपले 55 झाले. दोन्ही वेळा पहिला नंबर आपलाच. देशाचे कमी होताना आपले वाढवायला पण काहीतरी लागतंच ना.

आता पात्रता. घाबरू नका, परीक्षा नाहीये. कायदा म्हणतो की अध्यक्षाला पर्यावरण संरक्षणाचं विशेष ज्ञान किंवा प्रत्यक्ष अनुभव पाहिजे, किंवा मग असल्या संस्था चालवायचं ज्ञान आणि अनुभव. हे दुसरं "किंवा" आहे ना, त्याला रोज उदबत्ती लावा. वॉर्डात नालेसफाई केलीय? पतपेढी चालवलीय, पतपेढीच्या मागून नाला वाहतो? बसवा कुठेतरी. शिवाय अध्यक्ष पूर्णवेळ पाहिजे असंही नाही, अर्धवेळ चालतो, तसं कायद्यातच लिहिलंय. म्हणजे राज्यातल्या सगळ्या नद्या, हवा, हॉस्पिटलचा कचरा, प्लास्टिक आणि डीजेचा आवाज एवढं सगळं तुम्ही उरलेल्या वेळात बघू शकता.

आणि कोणी "तज्ज्ञ माणूस का नाही" वगैरे कुरकुर केली तर परंपरा दाखवा. आधीची काही वर्षं सनदी अधिकारी बसायचे, निवृत्त झालेले नाहीतर व्हायला आलेले. मार्च 2024 मध्ये शिवसेनेचे सिद्धेश कदम अध्यक्ष झाले, त्यांचे वडील रामदास कदम त्याआधी याच राज्याचे पर्यावरणमंत्री होते, त्यामुळे खात्याची ओळख करून द्यायला बाहेरचा माणूस लागला नसणार. कोर्टाचं म्हणाल तर तेही बघून ठेवलंय. 2017 च्या जूनमध्ये राष्ट्रीय हरित लवादाने, म्हणजे पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या न्यायाधिकरणाने, दहा राज्यांच्या मंडळांच्या अध्यक्षांना थेट काम थांबवायला सांगितलं, नेमणुका धड नाहीत म्हणून, आणि त्या दहात महाराष्ट्र होताच (यादी कसलीही असो, आपण असतो). सप्टेंबरात सुप्रीम कोर्टाने ठरवलं की लवादाला असं सांगायचा अधिकारच नाही. हुश्श. पण त्याच निकालात राज्यांना सांगितलं की सहा महिन्यांत नेमणुकीचे नियम करा, आणि 1984 पासून किती समित्यांनी हेच सांगितलंय त्याची उजळणीही करून ठेवली. निकाल वाचनीय आहे. तुम्ही नका वाचू, उगाच झोप उडेल.

बरं, आता टेबलाभोवती कोण कोण बसतं ते बघा, कारण खरी गंमत इथेच आहे. तुम्ही धरून जास्तीत जास्त सतरा जण. सरकारी अधिकारी पाचपर्यंत. महापालिका, नगरपालिका वगैरे स्थानिक संस्थांचे पाचपर्यंत. शेती, मच्छीमारी, उद्योग, व्यापार यांच्या वतीने तिघांपर्यंत, सरकारी कंपन्यांचे दोन, आणि सदस्य सचिव. हा कायद्यातला साचा आहे, मी बनवलेला नाही. आता डोकं शांत ठेवून विचार करा, नदीत सगळ्यात जास्त घाण कोण सोडतं? कारखाने सोडतातच, पण आकारमानाने बघाल तर शहरांचं मैलापाणी, म्हणजे महापालिका आणि नगरपालिका. म्हणजे ज्यांना नोटीस काढायची त्यांच्यासाठी खुर्च्या राखीव, चहा आपल्याकडून. एकदम लोकशाही. आणि याच कायद्यात सदस्य कोण होऊ शकत नाही याचीही यादी आहे, त्यात सांडपाणी शुद्ध करायची यंत्रं बनवणारा किंवा विकणारा बसत नाही, हितसंबंध आड येतात म्हणे. सांडपाणी सोडणाऱ्याचे हितसंबंध आड येत नाहीत, तो प्रतिनिधी.

बैठक तीन महिन्यांतून किमान एकदा. एवढं जमेल.

रोजच्या कामाला सदस्य सचिव असतो, तो मात्र पूर्णवेळ. त्याला प्रदूषण नियंत्रणाच्या शास्त्रीय, अभियांत्रिकी किंवा व्यवस्थापन अंगाची माहिती पाहिजे, आणि इथेही "किंवा व्यवस्थापन" आहेच, सनदी अधिकाऱ्याला व्यवस्थापन येतं हे आपण सगळ्यांनी मान्य केलेलं आहे. तो येतो, तीन महिने सीईटीपी (अनेक कारखान्यांचं सामायिक सांडपाणी केंद्र) आणि ईटीपी (एकाच कारखान्याचं स्वतःचं) यांतला फरक समजून घेतो, सहा महिन्यांत सहसंचालकांची नावं पाठ होतात, आणि फाइलीवर जरा पकड येतेय तोवर बदलीची ऑर्डर. मग नवीन येईपर्यंत अतिरिक्त कार्यभार. या राज्यात कायमस्वरूपी पद कुठलं असेल तर ते अतिरिक्त कार्यभार.

सायनच्या कल्पतरू पॉइंटमधलं मुख्यालय बघून घ्या, तिथे हवा वेगळी, पाणी वेगळं असे विभाग आहेत, सहसंचालक आहेत. खाली बारा प्रादेशिक कार्यालयं, प्रत्येकात एक आरओ म्हणजे प्रादेशिक अधिकारी, त्याच्याखाली एसआरओ म्हणजे उपप्रादेशिक अधिकारी, आणि त्याच्याखाली क्षेत्र अधिकारी, हातात बाटली घेऊन नाल्यावर उभा राहणारा माणूस तो हाच. अख्ख्या मंडळाचं ओझं याच्या खांद्यावर. एमआयडीसी त्याची, हॉस्पिटलं त्याची, साखर कारखाने त्याचे, आरएमसी म्हणजे तयार काँक्रीटचे प्लांट त्याचे, विधानसभेचा तारांकित प्रश्न आला की उत्तराची माहितीही त्याचीच, आणि गणपतीत पुन्हा आवाज मोजायला आहेच. भरती काढू असं चुकूनही म्हणू नका. देशातल्या सगळ्या राज्य मंडळांत मिळून मंजूर जागांपैकी जवळपास निम्म्या रिकाम्या आहेत हे 2024 मध्ये लवादापुढे मांडलं गेलं, तेव्हा एकट्या महाराष्ट्राने उठून पदं भरली तर बाकीच्यांना वाईट वाटेल. शिवाय रिकामी जागा फार कामाची असते, "मनुष्यबळाअभावी" हा शब्द कुठल्याही प्रतिज्ञापत्रात चालतो.

आता पैसा. पैशाची अजिबात काळजी नको, तुमचं मंडळ इतर महामंडळांसारखं सरकारच्या दारात कटोरा घेऊन उभं राहत नाही. कारखान्याला सुरू करायला कन्सेंट म्हणजे मंडळाची संमती लागते, चालवायला वेगळं कन्सेंट, आणि दर वेळी फी, कारखान्यात भांडवल किती त्यावर. म्हणजे ज्यांच्या चिमणीवर नजर ठेवायची त्यांच्याच फीवर गाडीचं डिझेल. फायलीचा प्रवासही भांडवलावर ठरतो, लहान असेल तर एसआरओच्या टेबलावर, मोठी असेल तर आरओ, अजून मोठी असेल तर सायनला कमिटीपुढे. कारखानदारांना हा नकाशा तुमच्यापेक्षा चांगला माहितीये, त्यांचे कन्सल्टंट झोपेत सांगतील. उद्योगांना रंगही दिलेत, लाल, नारिंगी, हिरवा आणि 2016 पासून पांढरा. पांढऱ्याला कन्सेंटच नको, फक्त कळवायचं. मंडळातल्या प्रत्येक पुढाऱ्याची मनापासून इच्छा असते की आपल्या ओळखीतला कारखाना पांढरा निघावा.

आणि सगळ्यात भारी तरतूद ऐका. अर्ज आला आणि चार महिन्यांत मंडळाने हो पण म्हटलं नाही आणि नाही पण म्हटलं नाही, तर पाणी कायद्यानुसार संमती आपोआप मिळाली असं धरतात, तीही बिनशर्त. म्हणजे तुम्ही काही केलंत तर अटी घालाव्या लागतात, काही नाही केलंत तर कायदाच सही करतो. असं दुसरं खातं दाखवा मला.

कारवाईचं काय असं विचारणार असाल तर शिडी तयार आहे, पायऱ्या चढताना घाई करायची नाही. आधी भेट, मग नमुना. नमुना शक्यतो सकाळी अकरानंतर घ्यायचा, कारण चेंबरचं झाकण रात्री दोनला उघडतं हे नाल्याकाठच्या पोरालाही माहिती असतं आणि रात्री दोनला ऑफिस बंद असतं. मग कारणे दाखवा नोटीस. मग प्रस्तावित निर्देश. मग अंतरिम निर्देश. मग बँक गॅरंटी. मग अगदीच डोक्यावरून पाणी गेलं तर क्लोजर म्हणजे कारखाना बंदचा आदेश, वीज तोडा पाणी तोडा, त्याची प्रत महावितरणला, प्रत एमआयडीसीला. त्या दिवशी पेपरात फोटो येतो, कात्रण जपून ठेवा. मग कारखानदार सुधारणा केल्याचं पत्र देतो आणि रीस्टार्ट ऑर्डर निघते, तिची बातमी येत नाही. तुरुंगाची भाषा करू नका, तो काळ चाललाय, 2024 च्या दुरुस्तीने पाणी कायद्यातल्या बऱ्याच गुन्ह्यांची कैद काढून 10 हजार ते 15 लाखांचा दंड आणलाय, सुरुवात हिमाचल आणि राजस्थानपासून, बाकीच्या राज्यांनी ठराव केला की तिकडेही. 15 लाख म्हणजे काही कारखान्यांचं दिवाळीच्या गिफ्टचं बजेट.

देखरेख यंत्रणेवर फार खर्च करू नका, निसर्ग स्वतःच रिपोर्ट देतो. 2017 च्या ऑगस्टमध्ये तळोज्यात कासाडी नदीच्या बाजूचे कुत्रे निळे झाले, जगभर फोटो गेले, मग मंडळाने एक कारखाना बंद केला. डोंबिवलीत 2014 मध्ये हिरवा पाऊस पडला, 2020 मध्ये रस्ता गुलाबी झाला आणि मुख्यमंत्री स्वतः बघून गेले. मशीन बिघडतं, कॅलिब्रेशन लागतं, कुत्र्याला काही लागत नाही. आणि त्याच डोंबिवलीत 2016 च्या मे मध्ये कारखान्यात स्फोट झाला, माणसं गेली, 2024 च्या मे मध्ये पुन्हा झाला, पुन्हा गेली, अशा वेळी तुम्ही गंभीर चेहऱ्याने सांगायचं की सुरक्षेचं काम औद्योगिक सुरक्षा संचालनालयाकडे, बॉयलरचं बाष्पके संचालनालयाकडे, आणि कारखाने हलवायचा निर्णय शासन स्तरावर. यातलं एकही वाक्य खोटं नाहीये, म्हणून तर ते इतकं उपयोगी पडतं.

हेच नीट शिकून घ्या, बाकी विसरलात तरी चालेल. कांदळवन तोडलं तर वनविभागाचा कक्ष. किनाऱ्यावर बांधकाम झालं तर किनारा क्षेत्र प्राधिकरण. वाळू उपसली तर कलेक्टर. गाडी धूर सोडते तर आरटीओ. डीजे वाजतोय तर पोलीस, आपण फक्त डेसिबल मोजून दुसऱ्या दिवशी प्रेसनोट काढतो. मोठ्या प्रकल्पाची पर्यावरण मंजुरी तर आपण देतच नाही, ती राज्याचं वेगळं प्राधिकरण नाहीतर दिल्ली देते, आपण फक्त जनसुनावणी भरवतो, मांडव, खुर्च्या, माईक आणि मिनरल वॉटर, लोक चार तास ओरडतात, आपण इतिवृत्त पाठवून मोकळे. महापालिकेने मैला सोडला तर मात्र जरा अडचण येते, तो विषय खरंच आपला. पण कारखान्याची वीज तोडता येते, अख्ख्या शहराची संडासं कशी बंद करणार? म्हणून पालिकेला नोटीस काढायची, पालिका म्हणते एसटीपी (मैलापाणी शुद्ध करायचा प्रकल्प) प्रस्तावित आहे, आपण म्हणायचं नोंद घेतली.

सरावासाठी इंद्रायणी घ्या. वारी जवळ आली की आळंदीला पाण्यावर पांढरा फेस येतो, वारकरी त्यात उतरतात, वरून ड्रोन फिरतो आणि सकाळी सातला तुमचा फोन वाजतो. दचकू नका. वर लोणावळा नगरपरिषद आहे, तळेगाव आहे, देहू नगरपंचायत आहे, मध्ये पीएमआरडीए म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण आहे, खाली पिंपरी-चिंचवड महापालिका, मग आळंदी नगरपरिषद, अधूनमधून ग्रामपंचायती आणि पत्र्याच्या शेडमधले कारखाने ज्यांनी कन्सेंट नावाचा प्रकार ऐकलेलाही नाही, म्हणजे ते आपल्या यादीत नाहीत, म्हणजे ते नाहीतच. फोनवर पत्रकार विचारेल, फेस कुणाचा? तुम्ही उलट विचारायचं, नदीच्या कुठल्या काठाला आहे. उजव्या काठाला महापालिका, डाव्या काठाला खेड तालुका आणि चाकणकडची बाजू. तो म्हणेल, साहेब, फेस मधोमध आहे हो. मग सांगा, संयुक्त पाहणी लावतो.