दोनशे एमबीपीएस, पण फक्त मुंबईपर्यंत

रात्री साडेनऊला जर्मनीतल्या सर्व्हरवरून लिनक्सची 5 जीबीची आयएसओ (इन्स्टॉल करायची फाइल) उतरवायला लावा. घरच्या ब्रॉडबँडचा प्लॅन 200 एमबीपीएसचा, म्हणजे सेकंदाला 25 एमबी. साडेतीन मिनिटांत काम संपायला हवं. प्रत्यक्षात 300 केबी! साडेचार तास! कस्टमर केअरला फोन करा, तोच मंत्र: "सर, राऊटर बंद करून चालू करा, स्पीडटेस्ट लावा." लावली. 198. "बघा सर, आमच्याकडून ओके आहे."

ओके कसलं डोंबलाचं! स्पीडटेस्ट आपोआप जवळचा सर्व्हर पकडते, कधी कधी तर खुद्द त्याच कंपनीच्या नेटवर्कमधला. म्हणजे पेपरही यांचा आणि तपासणारेही हेच. यूट्यूब सुरळीत चालतं याचा दाखला देऊ नका, त्याचे कॅशे सर्व्हर, म्हणजे व्हिडिओंच्या प्रती साठवणारे, देशातच असतात. खरी परीक्षा समुद्र ओलांडताना. समुद्रापार जाणाऱ्या लिंकची क्षमता कंपनीला विकत घ्यावी लागते आणि नेमका तिथेच हात आखडतो. संध्याकाळी सगळे घरी आले की लिंक तुडुंब भरते आणि पॅकेट, म्हणजे डेटाचे तुकडे, गळायला लागतात. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?

आणि "एखादा टक्का लॉस चालतो सर" म्हणणाऱ्याने जरा गणित करावं. टीसीपीच्या (डेटा पोहोचवण्याच्या नियमांच्या) जुन्या ढोबळ सूत्राने 1 टक्का गळती आणि 5 मिलिसेकंद पिंग (पॅकेट जाऊन यायचा वेळ) असेल तर एका कनेक्शनला 28 एमबीपीएसच्या आसपास मिळतात. गळती तेवढीच ठेवून पिंग 200 करा, उरतात जेमतेम 0.7. गळालेलं पॅकेट परत मागवून वेग पुन्हा चढवायला दर खेपेला लांबचा फेरा पडतो. म्हणून मुंबईत न जाणवणारी गळती अमेरिकेच्या सर्व्हरवर गळा आवळते.

मग कंपनीची पुढची सबब येते, लाल समुद्रातल्या इंटरनेट केबलची. फेब्रुवारी 2024 मध्ये तिथे केबल तुटल्या, सप्टेंबर 2025 मध्ये जेद्दाजवळ पुन्हा तुटल्या, हे खरंच. पण म्हणून बारा महिने तेच तुणतुणं? वाट वळवलेली असेल तर पिंग दिवसभर वाढलेला दिसतो. पहाटे पाचला फाइल भरधाव येते आणि रात्रीच रडते, तर दुखणं गर्दीचं आहे.

पुरावा असा जमवा. वायफाय बाजूला, लॅपटॉपला थेट लॅन केबल. स्पीडटेस्टमध्ये सर्व्हर हाताने फ्रँकफर्ट निवडा आणि मल्टी नव्हे, सिंगल कनेक्शन ठेवा. हीच चाचणी पहाटे आणि रात्री. त्याच वेळी एमटीआर (वाटेतल्या प्रत्येक टप्प्यावरची गळती दाखवणारा प्रोग्रॅम) लावून 100 पॅकेट सोडा आणि शेवटची ओळ वाचा. मधल्याच एखाद्या हॉपवर, म्हणजे टप्प्यावर, 60 टक्के लॉस दिसला तर नाचू नका, तो राऊटर फक्त उत्तर द्यायला कंटाळतो. गळती तिथून शेवटपर्यंत टिकली तरच खरी. मुंबई-फ्रँकफर्ट पिंग एरवी 120 ते 150 मिलिसेकंद. तो 280 च्या पुढे गेला तर डेटा बहुधा सिंगापूर-अमेरिका असा द्राविडी प्राणायाम करत युरोपला पोहोचतोय.

तात्पुरता इलाज एरिया-टू या डाउनलोड प्रोग्रॅमचा: एक फाइल आठ कनेक्शनने ओढा. वेग आठपट झाला तर घरातली लाइन ठणठणीत आहे. सिंगापूरमार्गे व्हीपीएन (दुसऱ्या सर्व्हरवरून डेटा नेणारी सेवा) लावून वेग उसळला तर रूट यांचाच भिकार. पण प्लॅनचे पैसे द्या, वर 18 टक्के जीएसटी द्या आणि वर व्हीपीएनचंही बिल आपणच भरायचं? का म्हणून?

तक्रार लेखी करा, दोन्ही वेळचे आकडे जोडा, डॉकेट नंबर (तक्रारीचा क्रमांक) घ्या. "आपली तक्रार सोडवण्यात आली आहे" असा मेसेज न सोडवताच आला तर तोच डॉकेट नंबर देऊन कंपनीच्या अपिलेट अथॉरिटीकडे, म्हणजे अपील ऐकणाऱ्या अधिकाऱ्यांकडे, जा. आणि मधेच कुणी गोड आवाजात "सर, 500 चा प्लॅन घ्या ना" म्हणालं, तर त्याला आधी सिंगल कनेक्शनवर फ्रँकफर्टची टेस्ट दाखवायला सांगा. रात्री साडेनऊला.