मास्तरांवरच्या लेखाला आलेली प्रतिक्रिया, आणि माझं उत्तर

डॉक्टरसाहेब,

सप्रेम नमस्कार. आमच्या इंदुरात पोरांना बॉक्सिंग शिकवणारे मास्तर गेल्यावर मी जो लेख लिहिला, त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. ज्यांच्या नजरेतून ती सुटली असेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. तुम्ही मूळचे इंदूरचे, राजेंद्रनगरचे; आता पुण्यात मेंदूविकारतज्ज्ञ. तुमचं म्हणणं असं, की ज्या खेळात समोरच्याचं डोकं फोडण्याला गुण मिळतात त्या खेळाची मी आरती ओवाळली. मास्तरांचे हात शेवटी कापत होते, माणसं ओळखू येत नव्हती, ते मी ‘वय झालं होतं’ म्हणून गुंडाळलं. राज्य स्पर्धेच्या पुढे कधी न गेलेल्या माणसाला ‘इंदूरचा मोहम्मद अली’ म्हणणं हास्यास्पद आहे. आणि शेवटी एक प्रश्न, ‘तुमच्या स्वतःच्या घरातलं पोर तिथे पाठवलं असतंत का?’

अलीचं आधी उरकते. तो शब्द माझा नाही. नंदानगरच्या चौकात पोरांनी फ्लेक्स लावला होता, त्याचा फोटो लेखात आहे आणि तो मजकूर फ्लेक्सवरचा आहे. इंदुरात फ्लेक्सवर कोण काय होईल याला धरबंध नसतो हे तुम्हीही जाणता. वॉर्डातल्या कार्यकर्त्याच्या वाढदिवसाला मागे वाघ छापतात, तिथे मास्तरांच्या वाट्याला अली आला तर आला.

पदकांचं मात्र जरा सविस्तर सांगायला हवं. मास्तर गिरणीत पाळीवर होते. पाळी सुटली की मीटरगेजच्या गाडीनं इंदूरजवळच्या महूला जायचे, तिथल्या छावणीत फौजी पोरांचा सराव चालायचा तो कुंपणाबाहेरून बघायचे. पुढे कुणीतरी आत घेतलं. आपल्याकडे बॉक्सिंग जगवलं ते फौजेनं. हवा सिंग फौजी, कौर सिंग फौजी. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकरही फौजेत बॉक्सरच होते; 1965 च्या युद्धात गोळ्या लागल्या, आणि 1972 साली हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये त्यांनी पोहण्यात सुवर्णपदक आणलं. मास्तर फौजेत नव्हते. त्यांना ना रजा, ना खुराक, ना प्रवासभत्ता. सकाळच्या लढतीला जायचं तर आदल्या रात्रीची पाळी बुडवायची, म्हणजे पगार कापला जायचा. अशा माणसाला तुम्ही पदकं मोजायला लावता, तर मग कौर सिंगांचंही बघा. 27 जानेवारी 1980 ला दिल्लीत खुद्द अलीशी प्रदर्शनी लढत खेळलेला माणूस. 1982 च्या एशियाडचं सुवर्ण, पुढच्या वर्षी पद्मश्री. आणि म्हातारपणी उपचारासाठी कर्ज काढायची वेळ आली. 2023 च्या एप्रिलमध्ये ते गेले तेव्हा आपल्यातल्या किती जणांना नाव आठवलं? पदक असलं की माणूस लक्षात राहतो, हा हिशोब काही जुळत नाही. मास्तरांच्या अंत्ययात्रेला पाटणीपुऱ्यापासून वाहतूक अडली होती.

आता मुख्य मुद्दा, डोक्याचा. इथे तुम्ही दिलेली माहिती मला मान्य आहे, त्यात मी थोडी भरच घालते. 1928 साली मार्टलंड या अमेरिकन डॉक्टरांनी ठोसे खाऊन खाऊन झिंगल्यासारखे झालेल्या मुष्टियोद्ध्यांवर पहिल्यांदा लिहिलं. 1973 साली इंग्लंडमध्ये 15 निवृत्त मुष्टियोद्ध्यांचे मेंदू मृत्यूनंतर तपासले गेले, त्यात काय दिसलं ते तुमच्या विषयातलंच आहे. 1983 साली जागतिक वैद्यक संघटनेनं हा खेळ बंदच करा अशी शिफारस केली. यातलं काही मी नाकारत नाही. ‘बॉक्सिंगमुळे वस्तीतली पोरं गुंडगिरीपासून वाचली’ हे जे सगळे म्हणतात, तेही मी म्हणणार नाही. मास्तरांच्या हाताखालचे दोघे-तिघे चांगले नामांकित गुंड निघाले.

माझं म्हणणं एवढंच आहे, की हे सगळं मास्तरांना माहीत होतं. मार्टलंड नव्हता माहीत, पण डोक्याला लागलं की पुढे काय होतं हे त्यांनी जवळून पाहिलेलं होतं. लेखात मी ज्याला ‘माया’ म्हटलं आणि तुम्हाला जे भाबडं वाटलं, ते हेच आहे.

1982 च्या नोव्हेंबरात दिल्लीला एशियाड सुरू झालं. ज्यांच्या घरी टीव्ही त्यांच्या ओट्यावर गल्ली जमायची. कौर सिंगांना सुवर्ण मिळालं आणि मास्तर शिकवायचे त्या मैदानावर पोरांची रीघ लागली, प्रत्येकाला लगेच ग्लोव्हज हवे. त्याच नोव्हेंबरात तिकडे अमेरिकेत किम डुक-कू हा कोरियन मुष्टियोद्धा लढतीनंतर बेशुद्ध झाला आणि चार-पाच दिवसांत गेला. त्यानंतर व्यावसायिक विजेतेपदाच्या लढती 15 फेऱ्यांवरून 12 वर आणायला सुरुवात झाली. एशियाड सगळ्यांनी पाहिलं. किमची बातमी आमच्याकडे फक्त मास्तरांनी वाचली होती. नवीन पोरांना पहिले सहा महिने ग्लोव्हज मिळायचे नाहीत ते तेव्हापासून. दोरी, फुटवर्क, आरशासमोर शॅडो, म्हणजे नुसते हवेत ठोसे. पोरं वैतागून निघून जायची, मास्तरांना त्याचं काही नसायचं.

आणि वही. लेखात तिचा उल्लेख एका ओळीत आला होता, तिथे तुम्ही थांबला नाहीत म्हणून आता नीट सांगते.

महूच्या दिवसांतला एक जोडीदार त्यांना बऱ्याच वर्षांनी भेटला. भेटला म्हणजे हे त्याच्या घरी गेले. त्यानं चहा दिला, गप्पा मारल्या आणि अर्ध्या तासानं विचारलं, ‘आप किस सिलसिले में आए हैं?’ मास्तर परत आले ते किराणा दुकानातली लाल कापडी बांधणीची लांबट बही घेऊन. त्यात रकाने आखले: तारीख, नाव, कुठे लागलं, काय विचारलं, काय म्हणाला. सरावात कुणाच्या डोक्याला जोराचा ठोसा बसला की मास्तर शिट्टी मारून थांबवायचे, पोराला ओट्यावर बसवायचे आणि तीन प्रश्न विचारायचे. आज वार कोणता? सकाळी काय खाल्लंस? आत्ता कुणाशी खेळत होतास? उत्तर जसंच्या तसं लिहायचे. एका पानावर मी स्वतः वाचलंय, ‘डाव्या कानामागे. सोमवार म्हणाला. होता बुधवार. घर भेजा, भाई साथ में.’

बॉक्सिंगच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा जुना नियम तुम्हाला ठाऊक असेलच: डोक्याला लागून नॉकआउट झाला तर निदान 4 आठवडे विश्रांती, 3 महिन्यांत दुसऱ्यांदा झाला तर 3 महिने, वर्षात तिसऱ्यांदा झाला तर वर्षभर. तो नियम स्पर्धेतल्या नॉकआउटचा. मास्तर सरावालाही तो लावायचे, आणि नॉकआउटची वाट बघायचे नाहीत. उत्तर चुकलं किंवा नुसतं उशिरा आलं तरी तीस दिवस ग्लोव्हजला हात लावायचा नाही.

तर आता तुमचा शेवटचा प्रश्न. हो, पाठवलं. पोरगीच पाठवली, अकराव्या वर्षी. लंडन ऑलिंपिकनंतरचे दिवस होते, 2012 ला मुलींचं बॉक्सिंग पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये आलं, मेरी कोमला कांस्य मिळालं, आणि आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. पहिली दोन वर्षं तिच्या डोक्याला कुणी हात लावला नाही. पॅड आणि बॅग, फार तर छाती-पोटावर हलके ठोसे. पंधराव्या वर्षी राज्य निवड चाचणी तोंडावर आली आणि तेव्हाच सरावात तिला एक हुक, म्हणजे बाजूनं येणारा ठोसा, डोक्याला लागला. पडली नाही. मी तिथेच कट्ट्यावर होते, मला तर फार काही वाटलंही नाही. मास्तरांनी शिट्टी मारली. तीन प्रश्न झाले. मग वही मिटून म्हणाले, ‘ताई, महिनाभर आणू नका.’

मी हुज्जत घातली. वार बरोबर सांगितला, जोडीदारीण बरोबर सांगितली, खाल्लं काय तेही सांगितलं, मग अडलं कुठे? आणि निवड चाचणी बारा दिवसांवर. मास्तर मला म्हणाले, ‘तुम्हीच सांगा, आज घरी काय केलं होतं?’

वहीत लिहिलं होतं ‘पोहे’. इंदूरच्या पोराला झोपेतून उठवून विचारलं तरी ते पोहेच म्हणणार. घरी त्या दिवशी फोडणीची पोळी झाली होती.

चाचणी हुकली. पोरगी त्यांच्याशी कित्येक दिवस बोलली नाही, मीही मनात धरून होते. पुढच्या वर्षी ती खेळली, जिल्ह्यात जिंकली, राज्यात हरली, आता नोकरीला लागली. असो.

हेडगार्डबद्दल तुम्ही जे लिहिलंत की ‘तेसुद्धा काढून टाकलं, इतका हा खेळ रानटी’, त्यात एक बाजू राहून गेली. पुरुषांचं हेडगार्ड 2013 मध्ये काढलं आणि 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये पुरुष उघड्या डोक्यानं खेळले. कारण असं दिलं गेलं, की हेडगार्डनं भुवई फाटणं, कान फुटणं वाचतं, पण मेंदू कवटीच्या आत हलायचा थांबत नाही. उलट डोकं मोठं होतं आणि नजर अडते. यावर तुमच्यातच वाद आहेत, त्यात मी पडत नाही. मास्तर पोरांना नारळ हलवून दाखवायचे, ‘टोपी घातली म्हणून आतलं पाणी डुचमळायचं थांबलं का?’ आणि तरी सरावाला हेडगार्ड सक्तीचं. भुवईचे टाके तरी वाचतात, आणि टाक्यांचे पैसे कोण देणार, हा त्यांचा साधा हिशोब.

अजून एक गोष्ट, जी लेखात राहिली होती. अनंत चतुर्दशीच्या रात्री हुकुमचंद, मालवा, राजकुमार, कल्याण, स्वदेशी या गिरण्यांच्या झांक्या, म्हणजे चित्ररथ, निघतात, बरोबर आखाडे चालतात, लाठी, पट्टा, बनेटी रात्रभर. मंडळाची माणसं मास्तरांना दर वर्षी गळ घालायची की दोन पोरांची फाइट लावा रस्त्यातच, पब्लिक खूश होईल. मास्तर म्हणायचे, ‘सडक पे गद्दी नहीं होती, भिया.’ रिंगमध्ये कॅनव्हासखाली दीड-दोन सेंटिमीटर जाडीचा मऊ थर असतो. ठोसा लागून पडणारं डोकं कशावर आपटतं यावर पुष्कळ ठरतं, हे मी तुम्हाला सांगायला नको. मास्तर त्या रात्री पोरांना घेऊन झांक्या बघायला यायचे, कचोरी खाऊ घालायचे आणि घरी सोडायचे.

मी त्यांना संत केलं असाही तुमचा सूर आहे. संत कसले! तोंड फाटकं होतं. कागदपत्रांचा तिटकारा होता. मैदानाची रीतसर नोंदणी वर्षानुवर्षं केली नाही, त्यामुळे चांगल्या चांगल्या पोरांचे अर्ज परत आले, आणि त्याची चुटपुट त्यांना फारशी नव्हती, हे मला कधीच पटलं नाही. मुलींच्या बॅचसाठीही आम्हा चार-पाच आयांना महिनोन्‌महिने मागे लागावं लागलं.

राहिली शेवटची वर्षं. तुम्ही लिहिलंत ते खरं आहे, मी ते बघत होते. हात कापायचे, बॅगेची दोरी बांधता यायची नाही. माझ्या पोरीला शेवटी ‘तू कुणाची?’ असं विचारलं. हे मी लेखात घातलं नाही, कारण घरच्यांनी तसं सांगितलं होतं, आणि आज पुन्हा लिहायला बसले तरी घालणार नाही. तुम्ही चारचौघांत काढलंत म्हणून, त्यांच्या मुलाला विचारून, एवढं लिहिते आहे. पण ‘ठोशांनीच झालं’ हे ठासून लिहा असा तुमचा आग्रह आहे, तो मी मानणार नाही. ठोशांनी होणारा तो विशिष्ट मेंदूविकार खात्रीनं सांगता येतो तो मृत्यूनंतर मेंदू तपासून, हे तुमचंच शास्त्र सांगतं. मास्तर ऐंशीला टेकले होते. त्यांच्या वडिलांचेही हात कापायचे, आणि वडिलांनी कधी बॉक्सिंग पाहिलंही नव्हतं. ठोशांचा वाटा असेलही, बराच असेल. तुम्ही पुण्यात बसून माझा लेख वाचून निदान करू नका, आणि मीही करत नाही.

तुमची प्रतिक्रिया काढणार नाही, जशीच्या तशी राहील. मात्र लेखाच्या वर ‘हा खेळ धोकादायक आहे’ अशी सूचना टाका म्हणता, ती टाकणार नाही. सिगारेटच्या पाकिटाची कळा आणायची नाही मला त्याला.

त्यापेक्षा एक विनंती आहे. मैदान आता मास्तरांचे दोन जुने चेले चालवतात. वही चालू आहे, पण तीन प्रश्नांच्या पुढे त्यांना काही येत नाही. नजर कशी तपासायची, तोल कसा बघायचा, दवाखान्यात लगेच कधी न्यायचं आणि घरी लक्ष कधी ठेवायचं, हे कुणी नीट शिकवलेलं नाही. दिवाळीला इंदूरला येता असं तुम्हीच लिहिलंत. सराव सकाळी साडेपाच ते सात असतो, रविवारी सुट्टी. चार दिवस आधी कळवलंत तर मुलींच्या बॅचलाही थांबवून घेता येईल, नाहीतर त्या सव्वासहाला शाळेसाठी निघतात.