तेल रिफाइंड झालं, आमची विहीर नासली

आज सकाळी मोटार चालू केली, हौदात पुन्हा पांढरा फेस अन् वर तेलकट तवंग. हात घातला तर साबणावाणी बुळबुळीत, खवट वास वेगळाच. म्हशीनं नुसतं हुंगलं अन् तोंड फिरवलं. डोकं फिरतं राव!! वरच्या अंगाला खायच्या तेलाची रिफायनरी आहे, तिचं पाणी ओढ्यात अन् ओढ्याचं आमच्या विहिरीत. सोयाबीन पण आमचंच जातं तिथं.

लोकांना वाटतं रिफाइंड म्हंजे गाळलेलं तेल. नुसतं गाळत नाहीत हो, कच्च्या तेलात आधी गरम पाणी घालून चिकट गम काढतेत, मग कॉस्टिक सोडा मारतेत, त्यानं तेलातल्या आम्लाचा साबण होतो, त्याला सोपस्टॉक म्हणतेत, तो काढला की तेल परत गरम पाण्यानं धुतेत, मग मातीनं रंग काढायचा अन् शेवटी वाफ मारून वास. ते धुवण म्हंजे साबण अन् तेल. सोपस्टॉकमधी गंधकाचं ॲसिड घालून ॲसिड ऑइल काढतेत, ते साबणवाल्याला विकलं जातं, खाली राहिलेलं आंबट पाणी कोण घेणार? ते ओढ्याला!

हे साफ करता येत नाही असं नाही. तेल वरून काढून घ्या, चुन्यानं आंबटपणा मारा, मग टाकीत हवा सोडून जिवाणूंकडून कुजवा. ओढ्या-नदीत सोडायच्या पाण्यात तेल-ग्रीस लिटरमागं १० मिलिग्रॅमच्या वर नको असा नियमच आहे. पण यंत्रणा चालवायला वीज लागते, माणूस लागतो, म्हणून रात्री दोन-अडीचला गुपचूप सोडायलेत. तक्रार केली तर साहेब चार दिवसांनी आले, ते बी भर उन्हात अकरा वाजता, ओढा तेव्हा निवळ. बाटली भरली, गेले.

अन् हे कुठं चाललंय तर लातूरला. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं होतं इथं, पहिल्या खेपेला ५ लाख लिटर, घागरी घेऊन रात्र रात्र जागलेली माणसं आहोत आम्ही. त्याच जिल्ह्यात पाणी असं नासवायला यांचा हात धजतो कसा?? तवंगानं पाण्याला हवा मिळत नाही, जे तेल कुजतं ते उरलेला ऑक्सिजन खातं, ओढ्यातले मासे कवाच संपले, अन् हेच पाणी पुढं मांजरा नदीला मिळतं.

आता रात्री मीच बसणार ओढ्यावर, तारीख-टाइम दिसंल असा व्हिडिओ काढणार. तवर म्हशीला पाणी चुलत्याच्या बोअरवरून ड्रमनं आणायलो.