'एक पालक' यांच्या प्रतिक्रियेला उत्तर: जर्मनीतली फी आणि माझा हिशेब

नमस्कार.

जर्मनीतल्या सरकारी विद्यापीठांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही 'एक पालक' या नावाने लिहिलंय: "फी नाही म्हणून मुलांना जर्मनीला पाठवा म्हणे. एपीएसलाच अठरा हजार जातात. ब्लॉक्ड अकाउंटचे बारा लाख कुठून आणायचे? म्युनिक, स्टुटगार्ट फी घेतातच. शिष्यवृत्त्या पेपरात छापण्यापुरत्या असतात. स्वतः स्कॉलरशिपवर मजेत शिकून आलेल्या बाईंनी आम्हाला हिशेब शिकवू नये."

त्याखाली काहींनी 'अगदी बरोबर' असंही लिहिलंय, म्हणून सविस्तर उत्तर देते.

तुमचं एक म्हणणं मला पटतं. एपीएस प्रमाणपत्राचे, म्हणजे आपली मार्कशीट आणि पदवी तपासून मिळणाऱ्या दाखल्याचे, 18,000 रुपये जास्त आहेत. 2022 च्या नोव्हेंबरपासून आपल्या विद्यार्थ्यांना ते सक्तीचं झालं आणि प्रवेश मिळण्याच्या आधीच हा खर्च करावा लागतो. साध्या घरातल्या मुलाला तो जड जातो. यात आपलं दुमत नाही.

आता तुमचं शेवटचं वाक्य. 'स्कॉलरशिपवर मजेत.' मी कुणाच्या पैशावर शिकले हे तुम्हाला कुणी सांगितलं? माझ्या कोणत्या लेखात ते वाचलंत? माझे वडील मिरजेला एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. आई ब्लाउज शिवून द्यायची. सांगलीला इंजिनिअरिंग झालं आणि जर्मनीतल्या आखेनला मास्टर्सचा प्रवेश मिळाला, तेव्हा वडील एका बँकेत शैक्षणिक कर्ज मागायला गेले. तिथल्या साहेबांनी घराचे कागद पाहिले आणि हे तारण चालणार नाही म्हणून फाइल परत केली. वर "मुलीला एवढं लांब कशाला पाठवता" हेही ऐकवलं. शेवटी मामांनी आपला फ्लॅट तारण ठेवला, तेव्हा दुसऱ्या बँकेतून कर्ज निघालं. त्याचे हप्ते मी नोकरी लागल्यावर स्वतः फेडले. माझ्या धाकट्या भावाचं लग्न त्या हप्त्यांपायी लांबलं, हे आमच्या घरात आजही बोललं जातं.

आणि मी शिकत होते तेव्हा तिथे फी होती. आखेन ज्या राज्यात आहे त्या नॉर्थ राइन-वेस्टफालियात तेव्हा दर सत्राला 500 युरो भरावे लागत, जर्मन मुलांनाही. 2011 मध्ये त्या राज्याने ती रद्द केली आणि 2014 पर्यंत बाकीच्या राज्यांतूनही ही सरसकट फी गेली. म्हणजे आज तुमच्या मुलाला आखेनला जे भरावं लागणार नाही, ते मी भरलंय. दिवाळीनंतर नाताळपर्यंत एका बेकरीत उभं राहून प्रिन्टेनचे, म्हणजे तिथल्या मसाल्याच्या बिस्किटांचे डबे भरत होते. थंडीत पहाटेची पाळी असायची आणि दुपारी लेक्चर. पुढे एका प्राध्यापकांच्या संस्थेत 'हिवी'चं, म्हणजे विद्यार्थी-सहायकाचं काम मिळालं तेव्हा कुठे जरा सुटका झाली. हिशेब मला पुस्तकातून आलेला नाही. तो शिकवायचा अधिकार मला आहे आणि मी तो सोडणार नाही.

शिष्यवृत्तीवर शिकणं म्हणजे मजा, हे तुम्ही कशावरून ठरवलंत? 1913 साली बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात गेले ते सयाजीराव महाराजांनी दिलेल्या शिष्यवृत्तीवर: महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी, आणि परत आल्यावर बडोद्याची नोकरी करण्याच्या अटीवर. त्यातून पोटाला चिमटा घेऊन त्यांनी न्यूयॉर्कमध्ये जुनी पुस्तकं जमवली. महाराष्ट्रात राहून कुणी शिष्यवृत्तीधारकांना फुकटे समजावं, याचं मला फार वाईट वाटतं. आजही राज्य सरकारच्या राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीवर अनुसूचित जातीतली मुलं परदेशात शिकताहेत. त्यातल्या काहींशी माझं बोलणं होतं. निर्वाहभत्त्याचा हप्ता लांबला की घरभाडं कसं भरायचं या काळजीत ती दिवस काढतात. त्यांच्यासमोर 'मजेत' हा शब्द उच्चारून बघा.

मला स्वतःला मिळाली ती प्रबंधाच्या सत्रात विद्यापीठामार्फत छोटीशी मदत. ती मिळाली म्हणून मी कुणाची माफी मागणार नाही.

बाकीचे मुद्दे लेख नीट वाचला असतात तर लिहिलेच नसतेत. म्युनिकचं तांत्रिक विद्यापीठ 2024 च्या हिवाळी सत्रापासून युरोपीय संघाबाहेरच्या नव्या विद्यार्थ्यांकडून सत्राला 2,000 ते 6,000 युरो घेतं आणि स्टुटगार्ट ज्या राज्यात आहे त्या बाडेन-वुर्टेम्बर्गमध्ये 2017 पासून सत्राला 1,500 युरो लागतात. दोन्ही आकडे लेखात आहेत. पण जर्मनीत राज्यं सोळा आहेत, सगळीकडे अशी फी नाही. ब्लॉक्ड अकाउंटचे, म्हणजे व्हिसासाठी आधीच खात्यात ठेवून दाखवायचे 11,904 युरो ही फी नव्हेच, ते तुमच्याच मुलाच्या नावावर राहतात आणि महिन्याला 992 युरो खर्चाला त्याच्याच हातात येतात. मुलगा पुण्यात राहिला तरी जेवणार आणि खोलीचं भाडं भरणारच ना? शिवाय आता वर्षाला 140 पूर्ण दिवस काम करायची मुभा आहे. शिष्यवृत्त्या पेपरापुरत्या असतात म्हणता, तर 'डॉइचलांडस्टिपेंडियम'मध्ये महिना 300 युरो मिळतात, निम्मे सरकारचे आणि निम्मे खाजगी देणगीदारांचे, आणि तिथे नागरिकत्व विचारत नाहीत. अर्ज केलात का? तुम्ही तसं लिहिलेलं नाही, त्यामुळे केला नसावा असं मी धरते.

तुमचा राग कशावर आहे हे मला कळतं. खाजगी विद्यापीठांचे एजंट 'जर्मनी, जर्मनी' करत लाखो रुपये घेतात आणि पालक पोळतात. पण त्या एजंटांच्या वाटची चपराक मला का? मी कुणाकडून एक रुपया घेत नाही. नोकरी, घर, सासूबाईंचं दुखणं सांभाळून रात्री उत्तरं लिहीत बसते. 'बाईंनी शिकवू नये' हे मी पुरुष असते तर तुम्ही लिहिलं असतंत का, हेही एकदा मनाशी विचारा.

पुन्हा लिहाल तर मुलाची शाखा, पदवीचे गुण आणि निवडलेल्या विद्यापीठांची यादी लिहा. यादीत फक्त म्युनिक आणि स्टुटगार्ट असतील, तर त्याच विषयासाठी आखेन, डार्मस्टाट आणि ब्राउनश्वाइग पाहायला सांगा. एपीएसचा अर्ज आधी करा, ते हातात आल्याशिवाय व्हिसाचं काम पुढे सरकत नाही. एवढं सगळं मी मनापासून सांगेन. पण पुढची प्रतिक्रिया याच सुरात आली, तर ती मी छापणार नाही.